रूथने पुढे दिलेला प्याला

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. प्रार्थनेतही नीट नाही — तिथे मी 'माझ्या चुका' एवढं म्हणून पुढे जाते. चुका! जणू शुद्धलेखनातल्या.

रूथ माझी धाकटी जाऊ. गेल्या महिन्यात ती वारली. तिला माती देऊन आल्यापासून मी वाचायला पुस्तक उघडते, मिटते, पुन्हा उघडते.

पिरंगुटला आमची ख्रिस्ती मंडळी लहान. भाड्याच्या खोलीत सतरंजीवर बसून उपासना. प्रभुभोजनाचा द्राक्षरसाचा प्याला एकच, हातातून हातात जायचा. कुणाविषयी मनात अढी असेल तर आधी समेट करायचा, पाप केलं असेल तर कबूल करायचं, नाहीतर न पिता प्याला पुढे द्यायचा — हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण खरंच पुढे देतं कोण? सगळे पितात. मीही प्यायचे.

रूथचा नवरा, म्हणजे माझा दीर, जाऊन वर्ष होत आलं होतं. ती कंपनीत पॅकिंगला जायची. एका शनिवारी ती पोपटी साडी नेसली, आणि मी — इतकी शिकलेली, वाचणारी — म्हणाले, "एवढ्यात विसरलीस त्याला?" पोपटी रंग दिरालाच आवडायचा, हे मला माहीत नव्हतं का? होतं.

दुसऱ्या दिवशी उपासनेत प्याला तिच्याकडे आला. तिने तो ओठाला लावला नाही. माझ्याकडे वळली, माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि माझ्या हातात दिला. मला कळलं. लगेच कळलं. तिचा हात धरायला हवा होता तेव्हाच —

मी प्याले.

नंतर बाहेर चपला शोधताना बायकांनी मला गाठलं.

"रूथनं प्याला सोडला, बगितलं का?"

"मंग त्या फटफटीवाल्याचं खरंच हाय म्हनायचं."

"तुमी घरातल्या, बाई. तुमाला ठावं असंल की."

फटफटीवाला म्हणजे कंपनीतला सुपरवायझर. बस चुकली की तो रूथला नाक्यावर सोडायचा, तेही त्याच्या बायकोने सांगितलं होतं म्हणून. मला हे माहीत होतं. तिने प्याला का सोडला, तेही. एक वाक्य पुरे होतं — ती माझ्यावर रागावलीय, आणि चूक माझी आहे.

मी म्हणाले, "तिचं ती जाणे."

खोटं तर बोलले नाही, असं किती वर्षं मी स्वतःला सांगत राहिले! पण त्या बायका याचा अर्थ काय घेतील, हे तोंड उघडण्याआधी मला कळलं नव्हतं का?

पाळकसाहेब तिची समजूत घालायला गेले. तिने माझं नाव घेतलं नाही. हळूहळू तिच्या शेजारी कुणी बसेना. मग ती यायचीच थांबली, मारुंजीला खोली घेऊन राहिली. मी एकदाही गेले नाही. पत्ता होता माझ्याकडे.

दफनाच्या वेळी मला तिच्याविषयी चार शब्द बोलायला सांगितलं. समोर त्याच बायका, डोळ्यांना पदर लावून. मी म्हणाले, रूथ मनाने फार सरळ होती. तेवढंच म्हणाले, आणि बसले.

परवा पुन्हा प्रभुभोजन होतं. प्याला माझ्यापर्यंत आला. वाटलं, आता पुढे द्यावा — कुणी विचारलं तर सगळं सांगावं. शेजारणीने हातही पुढे केला होता. सगळ्या बघत होत्या.

मी प्याले.