ढोरांची फळी

यंदाची होळी नुकतीच झाली होती. सकाळच्या एसटीनं गावचा माणूस पिपरी मेघेला माझ्या दारी आला, पाण्याचा पेलाही न घेता म्हणाला, सुमनबाई गेली. सुमनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. मला काही सुचेना... अंगावरच्या कपड्यांनिशी तसाच त्याच्याबरोबर निघालो.

आमच्या तळ्याला सागवानी लाकडाचा बांध आहे. जुन्या लोकांनी खांब रोवून त्यांच्या खाचांत एकावर एक फळ्या बसवल्या. वरची फळी काढली की तेवढंच पाणी खालच्या मळ्यांत उतरतं. भाजीवाले, धुणं धुणाऱ्या बाया, मासे, शिंगाडे, ढोरं, सगळ्यांचं भागतं ते त्या एका तळ्यावर. पण तळची फळी ढोरांची, तिनं अडवलेलं पाणी ढोरांना प्यायला. उन्हाळ्यात ती कोणी काढायची नाही, हा गावचा रिवाज. आणि फळ्या काढायचा मान आमच्या घराकडे.

बांधाखालच्या पट्टीत वहिनीनं वांगी लावली होती. सासरी येऊन तिचं स्वतःचं म्हणावं असं काय ते तेवढंच. सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात पाणी त्या तळच्या फळीला टेकलं आणि झाडांनी माना टाकल्या. वहिनीला जेवण जाईना. दादाला पाहवेना. भर दुपारी, गाव आडवं झालेलं बघून, तो फळी उचकटायला सब्बल घेऊन बांधावर गेला. मी सुटीवर आलो होतो, मलाही सोबत नेलं. वहिनीला कुठून कळलं देव जाणे... धापा टाकत आली आणि त्या फळीवरच उभी राहिली.

"माही वांगी गेली त मी रडीन. पाणी गेलं त ढोरं कोणापाशी रडतीन?"

दादा चिडला. तुह्यासाठीच करून राह्यलो ना, म्हणाला. ती हलली नाही. वांगी वाळली. आता लोक तिला देवी करून राह्यले, मला ते मुळीच पटत नाही. ती कितीतरी दिवस चुलीपुढे बसून रडली, मले काय हौस होती का म्हणाली, गावाला चांगल्या शिव्या घातल्या. मला ती शिव्या देणारी वहिनीच हवी आहे.

यंदा पुन्हा पाणी तळच्या फळीला टेकलंय. दादानं दोन-तीन वर्षांपूर्वी बांधाखाली लावलेली संत्र्याची झाडं वाळायला लागलीत. परवा गावी गेलो, तर ढोरंवाली मंडळी आपण होऊन बांधावर जमलेली. त्यांच्यातला वडीलधारा माणूस दादाजवळ येऊन बसला.

"भाऊ, त्या साली वहिनीनं आमची ढोरं जगवली. आता तुमची झाडं जगू द्या. काढा फळी, आमी ढोरं नदीवर नेऊ."

दादाचे डोळे भरून आले.  तो उठला, धोतर झटकलं.

"थांबा जरासे," तो म्हणाला. "तिले विचारून येतो."

आणि घराकडे चालू लागला. वाटेवरच्या चिंचेपर्यंत गेला, अन् थांबला... आमच्याकडे पाठ करून तसाच उभा राहिला. कोणी त्याला हाक मारली नाही.