सेट आहे, पण सेट नाही

खुलताबादच्या मुबश्शिरा मॅडम शहरातल्या एका कॉलेजात अकरा वर्षांपासून इंग्रजी शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घ्यायचा आणि निघायचं. स्टाफरूममध्ये खुर्ची मागायची नाही. शिपाई फकिरा दयाळू, म्हणून त्यानं कपाटाआड एक डुगडुगती खुर्ची त्यांच्यासाठी टाकली होती. एवढीच काय ती बढती.

प्राध्यापकीची सेट परीक्षा त्या पहिल्याच फटक्यात पास झाल्या. तेव्हापासून गल्लीत कुणी विचारलं, "मुबश्शिरा सेट झाली का?" की अम्मी उसासा टाकते, "सेट है, पन सेट नै हुई." मोठ्या इंग्रजी कोशात या एवढ्याशा शब्दाचे चारशेवर अर्थ आहेत. अम्मीनं दोनच घेतले आणि लेकीचं अख्खं चरित्र सांगून टाकलं.

मॅडमना मात्र शब्दांच्या कुळाचं भारी वेड. दही सेट होतं, दागिन्यांचा सेट असतो. पण त्यांची कुळं वेगळी, असं त्या वर्गात रंगून सांगत. पहिलं जुन्या इंग्रजीतलं, मूळ अर्थ बसवणं. दुसरं लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं, मूळ अर्थ कुणाच्या तरी मागं जाणारी मंडळी. पोरं वहीत उतरवून घेत आणि परीक्षेला येणार नाही हे कळलं की खोडत.

यंदा कायमची जागा निघाली. एकच. मॅडम चाळिशीला टेकलेल्या. ही हुकली तर पुढची जाहिरात येईस्तोवर निवृत्तीचंच वय व्हायचं.

मुलाखतीत संस्थेचे अध्यक्ष रामकिसनराव फाईल न उघडताच हळूच म्हणाले, "मॅडम, सेट हाय ना समदं?"

"हो सर! पहिल्याच प्रयत्नात," म्हणत मॅडमनी प्रमाणपत्र पुढं सरकवलं.

लग्नात आहेर म्हणून पुस्तक मिळावं, तसं रामकिसनरावांनी त्याकडं पाहिलं. "हे नाय वो. वरून कुणाचा शब्द हाय का?"

शब्द म्हटल्यावर मॅडमची कळी खुलली. "जुन्या इंग्रजीतला आहे, सर. मूळ अर्थ बसवणं."

"तेच तर इचारतोय. तुमाला बसवणारं कोण?"

मॅडमनी प्रमाणपत्र उचलून परत पिशवीत ठेवलं.

सोमवारी ऋतुराज सर रुजू झाले. हुशार असतीलही; मुलाखतीला त्यांच्यामागं दोन जीपा भरून मंडळी आली होती, एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं. मॅडम स्टाफरूममध्ये गेल्या, तर कपाटाआड खुर्ची नव्हती.

"भाईर काढाय लावली, मॅडम," फकिरा ओशाळून म्हणाला. "नव्या सरांचं टेबल तिथं सेट करायचंय."

मॅडमना रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. तशाच त्या वर्गावर गेल्या.

"मुलांनो, सेटची कुळं दोन सांगितली होती, ते चुकलं. कूळ एकच आहे. मागं मंडळी असली, की माणसाला बसवतात."

पहिल्या बाकावरच्या सायलीनं पेन उघडलं. "मॅडम, हे परीक्षेला हाय का?"

"परीक्षेला नाही, बेटा. मुलाखतीला आहे."