आईचा थकवा

भंडाऱ्याच्या नर्सिंग होस्टेलवर ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. पाठांतर नेहमी उभ्याने, भिंतीकडे तोंड करून आणि मोठ्याने. एकेक आजार संपला की भिंतीलाच विचारायची, "समजून राहिलं ना?" आम्ही हसायचो, पण तिच्यावर त्याचा परिणाम होत नसे.

ग्रंथींच्या विकारांचा पेपर तोंडावर आला होता. थायरॉइड कमी पडल्याची लक्षणं ती म्हणत होती. सतत थकवा, थंडी न सोसणं, सुजलेला चेहरा, घोगरा आवाज. तिथेच ती थांबली. तेच पुन्हा पहिल्यापासून, हळू आवाजात म्हणाली आणि माझ्या दारात आली.

"माह्या आईले उन्हाळ्यातबी शाल लागते. घरचे सारे तिले आळशी म्हणतात."

"पेपर झाल्यावर दाखवू या," मी म्हणाले.

"अन् तिनं अजून किती थांबावं?"

तिने लगेच आपल्या गावाची, करडीची बस धरली आणि दुसऱ्या दिवशी आईला रक्त तपासायला दवाखान्यात घेऊन आली. आई रांगेतच डोळे मिटत होती. ही एका हाताने तिला सावरत पुटपुटत पाठ करत होती.

पेपर तिने दिला. कसा गेला, ते कधी बोलली नाही. रिपोर्ट आल्यावर मात्र तिने आईला समोर बसवलं. हा आजार आहे, रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची, हे सावकाश समजावलं.

आईने विचारलं,

"म्हंजे मी आळशी नव्हती ना वं?"

लेकीने आईचा हात हातात घेऊन 'नाही' म्हणून मान हलवली.