केबिनी मी वाटल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि देवीपुढे उभी होते तेव्हा तर मुद्दाम नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही. पण आधीच बजावते — ऐकून झाल्यावर "जाऊ दे हो, वय लहान होतं तुमचं" असलं काही म्हणू नका. तीन मुलांची आई होते मी.

गेल्या आठवड्यात लेकीचा मुंबईहून फोन आला. तिने सगळ्या घरासाठी क्रूझ ठरवलीय — बोटीवर पोहायचा तलाव, मुलांना खेळायला जागा, म्हाताऱ्यांना लिफ्ट. कुणाला कुठली केबिन, ते ती मला विचारत होती. म्हणाली, "आई, लहानपणी आपण गोव्याच्या बोटीने गेलो होतो, आठवतं? आम्ही तिघं काकूच्या कुशीत झोपलो होतो. काय मजा आली होती!" मजा! फोन भिंतीवर आपटावासा वाटला मला.

ती गोव्याची बोट. ऐंशी साल उलटून गेलेलं, बोट अजून चालू होती. संध्याकाळी रत्नागिरीच्या बंदरात लागायची आणि सकाळी पणजीला उतरवायची. माझा धाकटा दीर विलास, त्याचं लग्न होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. नव्या सुनेला, शैलाला, घेऊन गोव्याला कुलदेवीची ओटी भरायची होती. सासूसासरे, आम्ही दोघं, मुलं, ती दोघं — सगळं लटांबर निघालं. आणि परतीच्या बोटीने आम्ही रत्नागिरीला उतरणार, विलास मात्र तसाच पुढे मुंबईला. तिथून आखातात. दोन वर्षांसाठी.

आता आमच्या घराचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला कळणार नाही मी काय केलं ते. मिरकरवाड्यात दोरखंडाचं दुकान, वर चढावर घर. पुरुष पडवीत झोपायचे, बायकामुलं माजघरात. वर एक माळा. ज्या जोडप्याला तो द्यायचा त्याला द्यायचा. आणि हे कोण ठरवणार? अंथरुणं घालणारी. तोंडाने कुणी काही बोलायचं नाही, मागायचं तर मुळीच नाही. संध्याकाळी अंथरूण कुठे पडलंय ते बघायचं आणि तिथे जाऊन आडवं व्हायचं.

मी नवी होते तेव्हा अंथरुणं सासूबाई घालायच्या. माझं अंथरूण दोन नणंदांच्या मधे. किती महिने? मोजले नाहीत. आणि माझा नवरा? पडवीत घोरत होता. एका शब्दाने विचारलं नाही त्याने कधी. पुढे अंथरुणं माझ्याकडे आली तेव्हा सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा द्यावा तशा थाटात दिली.

मी सोसलं म्हणून तिला सोसायला लावलं — असं म्हणू? नाही म्हणणार. फार सोयीचं आहे ते. मला शैलाचा राग आला होता. का? ती हसायची म्हणून. विहिरीवर पाणी काढताना, भांडी घासताना, उगाचच. आणि विलास तिच्याकडे बघायचा. सगळ्यांदेखत बघायचा! माझ्याकडे असं कुणी बघितलं होतं?

लग्नाचे पाहुणे हलत नव्हते, माळ्यावर आत्याबाई आणि त्यांची सून मुक्काम ठोकून बसलेल्या. तेव्हा त्या पंधरवड्यात या दोघांना घरात धड बोलायलाही जागा मिळाली नव्हती. तिथपर्यंत दोष माझा नव्हता. गोव्यात तर देवळाच्या अग्रशाळेत एकाच खोलीत सगळे राहणार होतो. परतीची बोट दिवसाची. म्हणजे उरली काय ती जातानाची बोटीवरची एक रात्र.

विलासने दोन केबिनी मिळवल्या. दोन-दोन माणसांच्या. बाकीच्यांची डेकची तिकिटं. एक केबिन सासूसासऱ्यांची, हे उघडच होतं. दुसरी? तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पंचविशीचा बाप्या, पण कान लाल झालेले. "वहिनी, केबिनी तुम्हीच वाटून द्या. तुम्हाला काय सांगायचं…"

सासूबाई आतून म्हणाल्या, "अगो, रोज अंथरुणं तूच घालतेस ना? मग हे पण तूच बघ."

कळलं होतं मला. सगळं कळलं होतं. म्हणून तर सांगतेय — गैरसमज झाला नव्हता माझा.

बंदरावर बोटीची वाट बघत होतो. मी विलासला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "भावोजी, शैला म्हणते मुलांना घेऊन ती केबिनीत झोपते. मी सांगून बघितलं हो. पण ती नकोच म्हणाली."

त्याचा चेहरा पडला. "नको म्हणाली?"

"नकोच."

मग शैलाकडे गेले. ती पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिला सांगितलं, "भावोजी म्हणतात, मुलांना वर वारा लागेल, तू त्यांना घेऊन केबिनीत झोप. ते डेकवर बसणार आहेत."

झालं. एवढंच. दोन वाक्यं याला, दोन वाक्यं तिला. मला स्वतःला केबिन हवी होती का? मुळीच नाही. मी डेकवर सतरंजीवर झोपले. मला काही मिळावं म्हणून नव्हतंच ते — त्यांना मिळू नये, एवढंच हवं होतं.

मुलांना केबिनीत पोचवायला मी गेले तेव्हा शैलाने पिशवीतून दोन अभ्रे काढले. तिने भरलेले, कडेने निळी वेल. केबिनीतल्या उशांना घालायला घरून आणलेले. ते हातात धरून ती जरा वेळ उभी राहिली, मग माझ्या पोरांच्या डोक्याखाली घातले. धाकट्याने त्यावर ओकारी केली. सकाळी ती बेसिनपाशी अभ्रा धूत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "वहिनी, ते खरंच असं म्हणाले?"

इथे थांबते जरा.

कारण बंदरावर मी जे बोलले ते रागाच्या भरात, असं म्हणता येईल कदाचित. पण हे? चांगली झोप झाली होती माझी, चहा घेतला होता. एक शब्द बोलले असते तर सगळं जागेवर आलं असतं — विलास वर कठड्याशी उभा होता, वीस पायऱ्याही नसतील. मी म्हटलं, "पुरुषांचं असंच असतं गो. मनावर घेऊ नको."

परतताना रत्नागिरीला आम्ही उतरलो. विलास बोटीवर. शैला मुलांचे हात धरून त्यांच्याकडेच बघत राहिली. तो हात हलवत होता तो आम्हा सगळ्यांना. सासूबाई रडल्या. मीसुद्धा रडले! काय नाटकी बाई असते एकेक.

दोन वर्षांनी तो आला. माळा मीच झाडून दिला, अंथरूण घातलं. पण दोघं एकमेकांशी अशी वागायची जशी आपण पाहुण्यांशी वागतो — चहा हवा का, पंखा लावू का. महिन्याने तो गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. मूल झालं नाही. ते माझ्यामुळे, असं मी म्हणत नाही, तेवढी अक्कल आहे मला. पण त्या दोघांनी कधी एकमेकांना विचारलं नाही की तू नको का म्हणालास, तू नको का म्हणालीस. कसं विचारणार? त्या घरात विचारायचं कुणी शिकवलंच नव्हतं. त्या घराचाही राग येतो मला. पण घराने खोटं सांगितलं नव्हतं.

आखाताच्या पैशाने विलासने घर नव्याने बांधलं. प्रत्येकाला खोली, प्रत्येक खोलीला कडी. आता तो कायमचा परत आलाय, वरच्या खोलीत झोपतो. माझा नवरा गेल्यापासून शैला माझ्या खोलीत. माझे गुडघे धरलेत, म्हणून अंथरुणं आता ती घालते. आधी माझं, मग तिचं. लोक म्हणतात, अशा जावा बघायला मिळत नाहीत. वहिनीने घर धरून ठेवलं म्हणतात. ऐकून घेते मी.

तर लेकीचा फोन. ती म्हणाली, "आई, काका-काकूंना एक केबिन देते. दोघांनाच. चालेल ना?"

समोर शैला तांदूळ निवडत होती. फोनचा आवाज मोठा होता. तिचा हात सुपात थांबला.

मी म्हटलं, "नको गो. काकूला माझ्याजवळच दे. तिला सवय झालीय."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मग मान खाली घालून ती परत तांदूळ निवडायला लागली.