उद्घाटनासाठी राखलेली बाभूळ

बाभूळ रस्त्यावर आडवी पडली होती. तिच्या पलीकडे बैलगाडीत रुख्मी कण्हत होती आणि अलीकडे आमचं अख्खं गाव कुऱ्हाडी घेऊन उभं होतं. घाव कोणी घालत नव्हतं. उद्घाटन व्हायचं होतं.

मी तेव्हा गावच्या सरकारी दवाखान्यात दाई होते. आदल्या संध्याकाळी वैशाखातलं वादळ झालं. शाळेच्या टिना उडून वावरात पडल्या, मारुतीपुढचा मांडव नाल्यात गेला, गल्लोगल्ली फांद्यांचा खच पडला. सकाळी गावानं ठरवलं, सगळ्यांनी मिळून सफाई करायची. फार चांगली गोष्ट. पण सरपंचांनी तिला श्रमदान म्हटलं आणि काम थांबलं. सफाई कोणीही करतो. श्रमदानाला साहेब लागतो. पंचायत समित्या नव्या नव्या होत्या, साहेबही नवे होते. तालुक्याला, चिखलीला माणूस गेला. बीडीओ साहेब येऊन पहिला घाव घालणार, तोवर कोणी काडीला हात लावायचा नाही. एका म्हातारीनं आपलं अंगण झाडून टाकलं होतं, तिला पाला परत पसरायला लावला. बाभळीला हार घातला. काट्यांनी तो फाडला, म्हणून दुसरा आणला.

अशात बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेल्या रुख्मीची गाडी आली. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. मी काट्यांखालून सरपटत पलीकडे गेले. लुगड्याच्या चिंध्या झाल्या. पोटावर हात ठेवला, मूल आडवं होतं. आडवं म्हणजे डोकं खाली नाही, कुशीला. असं मूल आपोआप येत नाही. डॉक्टरांनी आत हात घालून ते फिरवावं लागतं, नाहीतर आई आणि मूल दोघंही जातात.

रुख्मीची सासू म्हणाली, "बाई, यायनं कुऱ्हाडी काय पूजेले आणल्या?"

मी परत अलीकडे आले. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर हार धरून साहेबांची वाट पाहत उभे होते. म्हणाले, "गाडीत मी काय करू? टेबलावर आणा." खोटं नव्हतं. पण एका बाजूला भरलेला नाला, दुसऱ्या बाजूला उंच बांध, आणि मधे माणसाच्या डोक्यावर गेलेले काटे. खाटही निघाली नसती.

मी सरपंचांकडे गेले. "भाऊ, केस अडली. वाट मोकळी करा." केस म्हणजे बाळंतपणाला आलेली बाई. दवाखान्यात तिला नाव नसतं.

"करतोच ना बाई. साहेब येऊ द्या. झाड रोडचं आहे, सरकारी. पहिला घाव सरकारचा."

"तवलोक ते बाई मरन."

"कार्यक्रमाच्या दिवशी असं अभद्र बोलू नये."

रहीमचाचा सुतार आरा खांद्यावर घेऊन उभे होते. म्हणाले, "सरपंच, साहेबाले एक फांदी ठेवू. उद्घाटनाले पुरं झाड कायले लागते?"

"फांदीनं शोभा येत नाही, चाचा."

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी विचारलं, "भाऊ, साहेब येतीन कुठून?"

"चिखलीहून. जीपनं."

"चिखली तं झाडाच्या तिकडं आहे."

सरपंच झाडाकडे पाहत राहिले. चाचा खोकले. मग सरपंच ओरडले, "पाहता काय बे, तोडा. साहेबाची जीप अडकन."

मग गाव असं भिडलं की पाहत राहावं. चाचांनी बुंध्याला आरा लावला. सरपंचांनी स्वतःचे बैल जुंपून खोड ओढलं. बाया फांद्या ओढत घरी घेऊन गेल्या, बाभळीसारखं जळण नाही. वाट झाली तेव्हा एकजण गाडीवाल्याला म्हणाला, "थांब, आधी जीप येऊ दे."

सासू म्हणाली, "दिसली की बाजूले घेऊ." आणि गाडी हाकायला लावली.

डॉक्टरांनी मूल फिरवून पायाकडून काढलं. निळं होतं. मी पाठ चोळत राहिले. बऱ्याच वेळानं रडलं. मुलगी. रुख्मीनं ती जिवंत आहे का, एवढंच विचारलं.

बाहेर साहेब आले होते. गाव इतकं स्वच्छ झालं होतं की उद्घाटनाला काही उरलं नव्हतं. सरपंच घरोघर फांदी मागत फिरले. बाया म्हणाल्या, चुलीपाशी गेलेलं जळण परत देत नसतात. शेवटी चाचांच्या घरून एक फांदी उसनी आणली. साहेबांनी ती तोडली, फोटो निघाला. भाषणात साहेब म्हणाले, लोकांनी दरवेळी सरकारची वाट पाहू नये. टाळ्या दवाखान्यापर्यंत ऐकू आल्या.

नंतर पुष्कळ वर्षं मी नोकरी केली. केस वाटेत अडली की बाई मरेल, असं मी कोणाला सांगत बसले नाही. साहेबाची जीप यायची आहे, एवढंच सांगायचे. रस्ता लगेच मोकळा व्हायचा.