राधाताईचा होकार

धम्मदीपने घोळ घातला तो कोथरूडच्या एका दिवाणखान्यात, शिऱ्याची बशी हातात धरून. करमाळ्याला शिकलेला हा मुलगा हडपसरच्या एका हॉस्पिटलात किडनी देणारा आणि घेणारा यांच्यामधला माणूस म्हणून कामाला होता. गावाकडे आई त्याला सरळ डॉक्टरच म्हणायची, आणि तोही फारसं खोडून काढायचा नाही. देणाऱ्याला एकट्यात विचारायचं, हा या कामातला पहिला धडा. पण समोर साजूक तुपातला शिरा आला की धडेबिडे विसरायला होतं. त्याने डायलिसिसवर असलेला पेशंट श्रीधर, त्याची आई आणि काका, सगळ्यांच्या देखत श्रीधरच्या बहिणीला विचारलं, "राधाताई, मनापासून देताय ना किडनी?"

"हो," राधा म्हणाली. आईने बोटं मोडून तिची दृष्ट काढली. धम्मदीपने आणखी शिरा घेतला.

आठवड्याने ती तपासणीला एकटी आली आणि दार लावून घेत म्हणाली, "दादा, तिथं दुसरं काय बोलणार होते मी? मला भीती वाटते. नाही द्यायची मला. पण हे घरी कळलं तर माहेर संपलं माझं."

हॉस्पिटलातल्या किडनीच्या डॉक्टर सलीमा शेख यांनी धम्मदीपकडून सगळं ऐकून घेतलं. "पुढच्या वेळी कार्यालयच बुक करा, धम्मदीप. अक्षताही वाटू." मग कागद ओढून त्यांनी लिहिलं : दाता म्हणून योग्य नाही. "कारण कुणालाही सांगायचं नाही."

"हे खोटं नाही का, मॅडम?"

"मनाविरुद्ध आलेला माणूस योग्य कसा?"

"आणि श्रीधर?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "त्याचं नाव प्रतीक्षायादीत घाला," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी डायलिसिसच्या खुर्चीतून श्रीधरने हाक मारली. हा आता भांडणार, म्हणून धम्मदीप मनात नियम घोकतच गेला.

"साहेब, ताईच्या किडनीत काय निघालं हो? माझं राहू द्या. तिची पोरं लहान आहेत. तिला काही झालंय का, तेवढं सांगा."

ठणठणीत आहे म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला : मग घेत का नाही? गप्प बसावं, तर आधीच खंगलेल्या माणसाला नवा घोर.

"विचारून सांगतो," म्हणत धम्मदीपने काढता पाय घेतला आणि राधाला फोन लावला. "ताई, तुमची तब्येत चांगली आहे, एवढंच सांगू का त्याला?"

"नको हो. हुशार आहे तो. एवढ्यावरून ओळखेल."

बुधवारी श्रीधरने लांबूनच विचारलं, "विचारलंत का?"

"अजून नाही."

"बरं. पण माझं उत्तर राहिलंय हं तुमच्याकडे."

धम्मदीपने मान हलवली. शुक्रवारी तो मागच्या जिन्याने वर गेला.