उजव्या दाढेचा फोटो

“डावा हात तोंडात घालू? हा हात कशाला लागतो, ठावं हाय का तुमाला?”

बोरीचा पाटील आमच्या खुर्चीतून असा गरजला की पिंगळीच्या स्टेशनात ड्रायव्हरनं गार्डाची शिटी समजून गाडी सोडली. गाल तर एवढा सुजलेला, की त्याच्या सावलीत दोन बैल बसले असते.

निजामाच्या राज्यात, सबंध परभणीत, दाताचा फोटो काढणारं यंत्र एकच होतं, आमच्या डॉक्टरसाहेबांचं. शेजारच्या जिनिंगच्या इंजिनावरून वीज घेऊन ते चालायचं आणि चालवायचो मी, दोन लेकरांचा बाप. हैदराबादेत मला शिकवलं होतं, की ही एक्स-रेची किरणं अंगावर घ्यायची नाहीत. बटण लांब तारेवर घेऊन दाराआड उभं राहायचं. तोंडातली फिल्म पेशंटनं स्वतः धरायची. दाढ उजवी असली तर डाव्या हाताच्या बोटानं, कारण उजवा हात यंत्राच्या तोंडापुढं आडवा येतो.

डाव्या दाढांची अडचण नव्हती. उजवी दुखली की मात्र अख्खा जिल्हा तोंड मिटून बसायचा. मग साहेब स्वतःचं बोट घालायचे. तीन वर्षांत त्या बोटाचं नख काळं पडलं, कातडी भेगाळली. बटण दाबायचो मी, भाजायचे ते. घरी भाकरी मोडताना माझी नजर माझ्याच बोटांवर. बायको म्हणायची, “भाकरीत काय शोधायलाव?”

पाटील आला त्या दिवशी साहेबांच्या त्या काळ्या बोटाला पट्टी होती. तरी ते म्हणाले, “राहू द्या मामा, मी धरतो,” आणि बोट पाटलाच्या तोंडात गेलं.

मी बटण खाली ठेवलं.

“दाब की रे,” साहेब म्हणाले. “इंजिन बंद व्हायची वेळ झाली.”

“हात काढा, मग दाबतो.”

“मालक कोण हाय हितं?”

“तुमी. पण बटण माझ्याकडं हाय.”

पाटील बोटाभोवतीनंच बोलला, “नोकर हाय का जावई?”

मी अंगणात पळालो. आज सांगताना मी अख्खा लिंब तोडला असं सांगतो. खरं म्हणजे बोटभर जाडीची काडी मोडली. टोक चिरलं, फटीत फिल्म बसवली आणि पाटलापुढं धरली.

“मामा, सकाळी दातण करता का?”

“न करता तुझ्यापुढं तोंड उघडलं असतं का?”

“मग हे चावून धरा. हळू.”

त्यानं चावलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण दोन्ही हात मांडीवर राहिले. साहेबांना मी जवळजवळ ढकलतच दाराआड आणलं आणि बटण दाबलं. चार सेकंद. तेवढ्यात माझी दाढी वाढली असेल. इंजिन धापा टाकत बंद पडलं तेव्हा आमचं काम झालेलं होतं.

फोटो लख्ख निघाला. दाढही निघाली, तिची मुळं बघून पाटील म्हणाला, “बाभळ हाय का काय?” आणि रुमालात बांधून घेऊन गेला.

मला हातात काडी घेऊन गावभर नाचावंसं वाटत होतं. म्हणालो, “साहेब, अशा शंभर काड्या करतो. आता तुमचं बोट कुणाच्या तोंडात जायचं न्हाई.”

साहेब पट्टी सोडत होते. वर न बघता म्हणाले, “सोमवारी दवाखाना बंद ठेव. हैदराबादला बोट काढायला जायलोय.”